गेटपर्यंत चाललेली गाडी

किती चालली?

"साडेचार हजार," बेंडाळे काकू म्हणाल्या. "आकडा समोरच आहे. बघा ना."

अण्णांनी बघितला नाही. त्यांचा आकड्यांवर विश्वास नव्हता. सव्वीस वर्षं एसटी चालवलेला माणूस तो. आधी गाडीभोवती चक्कर, मग वाकणं, मग बोलणं. त्या दिवशी त्या छोट्याशा गाडीभोवती चक्कर मारायला त्यांना मध्ये थांबे घ्यावे लागले. खांद्याला पिशवी, पिशवीत ऑक्सिजनचं लहान मशीन, मशीनमधून निघालेली नळी नाकात. मी, त्यांची मुलगी, मागे मागे. मार्च संपत आला होता आणि जळगावात सकाळीच पार्किंगची फरशी तापायला लागली होती.

गाडी पांढरी, विजेवरची, सहा वर्षांची. मागच्या सीटवर शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

"सहा वर्षांत साडेचार हजार," अण्णा म्हणाले. "एवढं तर मी... पंधरा दिवसांत करायचो."

अण्णांचं वाक्य तेव्हा मध्येच थांबायचं. श्वास घेऊन यायचं आणि पुढे निघायचं.

"आमचं कुठे जाणं नव्हतं हो, भाऊ."

अण्णा पुढच्या चाकापाशी बसले. टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"जयू, इकडे ये. काय दिसतं?"

"टायर."

"धन्य. वाचनालयात पुस्तकं देतेस लोकांना... आणि टायर वाचता येत नाही. कडा बघ. कडा घासल्यात, मधला भाग कोरा. ही गाडी गेली कमी... आणि वळली जास्त."

मग त्यांनी दार उघडलं आणि दोन्ही सीटा तळव्याने दाबून पाहिल्या. स्टिअरिंगसमोरची टणक. डावीकडची खोलगट, डोकं टेकायच्या जागी तेलाचा जुना डाग.

"चालवणारा बसलाच नाही," अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले. "आणि बाजूचा उठलाच नाही."

काकू भिंतीकडे बघत राहिल्या.


अपघात झालाय का?

"नाही."


कोणी चालवली?

"सर चालवायचे. पहिली दोनेक वर्षं."

सर म्हणजे त्यांचे यजमान. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना सर म्हणायचा आणि काकूही. ते जाऊन वर्ष झालं होतं, हे जाहिरातीतला नंबर फिरवला तेव्हा काकूंनीच सांगितलं होतं.

"आणि नंतर?" अण्णांनी विचारलं.

"नंतर मी."

अण्णांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. साठी ओलांडलेली बाई, चुरगळलेलं कॉटनचं पातळ, पायात घरातल्या स्लिपर.

"कुठवर चालवता?"

"तिथवर." काकूंनी पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं. मीटरच्या खोलीशेजारी भिंतीवर एक पत्र्याची पेटी होती. "प्लग तिथे आहे आणि आमची जागा इथे. सोसायटीने वायर इथवर ओढू दिली नाही. म्हणून रोज तिथे न्यायची, भरली की परत आणायची."

"बस?"

"बस."

"आणि गेटबाहेर?"

"गेटबाहेर नाही."

अण्णांना हसू आलं आणि हसण्यातून खोकला. ओसरल्यावर म्हणाले, "दाखवा."

काकूंनी स्लिपर गाडीबाहेर काढल्या, देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा, शेजारी शेजारी. अनवाणी आत बसल्या. गाडी सुरू झाली की नाही ते कळलंच नाही, एकदम हलली. खांबापाशी थोडी मागे, थोडी पुढे, परत मागे. जागेवरच्या जागेवर चाकं करकरत वळली. मग ती सरळ जाऊन पेटीसमोर अशी उभी राहिली की वायर ताणावीही लागली नसती.

"अशी फलाटाला... मी पण लावली नाही कधी," अण्णा म्हणाले. हे ते मनापासून बोलले होते. ड्रायव्हर लोकांची स्तुती करत नसत ते.

काकू उतरल्या, स्लिपर घ्यायला तशाच अनवाणी चालत आल्या.

"चालवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आणि?"

"आणि काय? मी आहे ना."

काकू माझ्याकडे वळल्या. "तुला येते का गं?"

"मला? नाही. पण मला कशाला—"

"मग नाही द्यायची," काकू म्हणाल्या.


का विकताय?

"मग विकताय कशाला?" अण्णांचा आवाज चढला. "शोकेसमध्ये ठेवा!"

"चहा घेणार का?" काकूंनी विचारलं.


(इथे प्रश्न नाही)

रिक्षात अण्णा घरापर्यंत धुमसत होते. "माझं लायसन विचारलं नाही तिने. घाटात, धुक्यात... चोपडा-पुणे... एक ओरखडा नाही. आणि ही म्हणते, तुला येते का गं. खेळणं तर आहे ते. रिमोट कुठाय विचारायला हवं होतं."

"बोलू नका अण्णा. दम लागेल."

"लागू दे."

घरी पोचलो तर वीज नव्हती.

म्हणजे काय, ते सांगते. आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर होत्या, डोक्यावर उघडा स्लॅब. अण्णांची फुप्फुसं आखडत चालली होती, डॉक्टरांचा शब्द होता तो. घरात मोठं मशीन होतं, दिवसरात्र घुरघुरायचं, त्याच्यावर अण्णा. वीज गेली की मशीन एक लांब शिट्टी मारायचं आणि गप्प व्हायचं. इन्व्हर्टरवर पंखा चालायचा, मशीन नाही. मग लहान मशीन, तेही काही वेळच. मागच्या उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळला तेव्हा अर्धा दिवस मी अण्णांना घेऊन एका दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर बसले होते, कारण तिथे जनरेटर होता आणि भिंतीला सॉकेट होतं. अण्णा लाजेने लोकांकडे बघत नव्हते. गमछा तोंडावर ओढून बसले होते.

पुढचा उन्हाळा असा काढायचा नाही, एवढंच माझं ठरलं होतं. विजेची गाडी म्हणजे माझ्या लेखी चाकं असलेली एक खोली होती. इंजिन नाही, धूर नाही, दारं लावून बसता येतं, एसी चालतो, लहान मशीनची पिन गाडीत बसते. वीज गेली की खाली उतरायचं आणि गाडीत बसायचं. हे अण्णांना मी समजावून सांगितलं होतं आणि डिझेलमध्ये जन्म काढलेल्या त्या माणसाने नाक मुरडत का होईना ते ऐकलं होतं. आमच्या आवाक्यातली अशी गाडी आसपास ती एकच होती.

लहान मशीनची पिन तपासत मी पलंगाच्या कडेला बसले.

"दुसरी बघू," अण्णा म्हणाले.

"दुसरी नाहीये."

पंखा गरम हवा ढवळत होता.

"तुला शिकवली असती मी," अण्णा जरा वेळाने म्हणाले. "तू कधी म्हणालीच नाहीस."

"म्हणाले होते. कॉलेजात असताना."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, मी आहे ना."

अण्णांनी डोळे मिटले. झोपले नव्हते ते.

दोन-तीन दिवसांनी काकूंचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "शिकाऊ परवाना काढून घे. आणि इथे ये शिकायला, याच गाडीवर. भाऊंना घेऊन ये, ते शिकवतील."

"काकू, तोवर दुसरं कोणी घेऊन गेलं तर?"

"येतात ना. सगळ्यांना तेच विचारते मी."


ब्रेक कसे आहेत?

"ब्रेक गाडीला नसतो. पायाला असतो. पाय उचल... उचल म्हणतोय ना!"

"उचलला!"

"मग ही पळतेय कशाने? भुताने?"

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही काकूंच्या पार्किंगमध्ये असायचो. अण्णा डावीकडच्या त्या खोलगट सीटवर, मांडीवर मशीन. मी स्टिअरिंगवर, घामाने चिंब. काकू प्लास्टिकच्या खुर्चीवर, चहाचा कप हातात, नाटकाला आल्यासारख्या.

"क्लच नाही, गिअर नाही," अण्णा म्हणायचे. "ही काय गाडी आहे? हे तर... लोण्यावर सुरी फिरवणं."

आणि मी ती लोण्यासारखी गाडी खांबावर घातली. फार नाही, बंपरला ओठ फुटल्यासारखी चीर गेली. मी काकूंकडे पाहिलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "खांबाला काही झालं नाही ना?"

अण्णा हसले. त्या हसण्याने ते इतके दमले, की त्या दिवशीचा धडा तिथेच संपला.

अडचण हीच होती. अण्णांना सांगायचं खूप असायचं आणि सांगायला श्वास नसायचा. 'डावीकडे घे' मधलं 'घे' येईपर्यंत मी खांब ओलांडलेला असायचा. मग एका सकाळी ते बोललेच नाहीत. त्यांनी बोटाच्या पेराने डॅशबोर्डवर वाजवलं.

टक.

मी बघत राहिले.

"एक घंटी," अण्णा म्हणाले. "म्हणजे?"

कोणत्या ड्रायव्हरच्या मुलीला ते माहीत नसेल! लहानपणी सुटीत अण्णांच्या गाडीत कंडक्टरकाकांच्या मांडीवर बसून ती दोरी मी कितीदा ओढली होती. "थांब."

टक टक.

"डबल बेल. चल."

"झालं तर मग. आता मी कंडक्टर." त्यांनी नळी नाकात नीट केली. "आणि एक नियम. डबल बेल पडल्याशिवाय... गाडी हलवायची नाही. समोर साहेब उभा असो, मागून हॉर्न असो. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसतं. कोण चढतंय, कोण... दारात लोंबकळतंय. ते कंडक्टरला दिसतं. तो म्हणेल तेव्हाच."

तेव्हापासून धडे नि:शब्द झाले. टक टक, आणि मी निघायचे. टक, आणि मी थांबायचे. गाडीचाही आवाज नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, ही माणसं भांडून बसली आहेत. मशीनची फुस्स-फुस्स तेवढी ऐकू यायची, आणि काकूंच्या कपबशीचा आवाज.

पार्किंगमध्ये गोल. पार्किंगमध्ये आठ. मागे, पुढे. काकूंच्या जागेपासून प्लगपर्यंत आणि परत. टायरच्या कडा आणखी घासल्या.

माझं गोल फिरणं चालू असताना अण्णा काचेतून काकूंकडे बघायचे. एकदा म्हणाले, "या बाईला नवऱ्याने शिकवलंय... इथून तिथवर. वळण, रिव्हर्स, सगळं चोख. ज्याला इतकं येतं त्याला रस्ता यायला... आठवडा पुरतो. मग का नाही शिकवलं?"

मी गाडी थांबवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

अण्णांनी नजर समोर वळवली. टक टक केलं त्यांनी.


एकदा चालवून बघू का?

मेच्या सुरुवातीला अण्णांनी गेटकडे बोट केलं.

"मीही येते," काकू म्हणाल्या. खुर्ची भिंतीला लावून त्या मागे बसल्या, प्लास्टिकवर. ते करकरलं.

टक टक.

गेटच्या उंबऱ्यावर लोखंडी पट्टी होती. पुढची चाकं ती ओलांडून रस्त्यावर उतरली तेव्हा मागून काकूंनी माझ्या सीटची कड घट्ट धरली. बोटं मला पाठीला जाणवली. मागची चाकं उतरली, तशी बोटं सुटली.

"कुठे नेऊ काकू?"

त्यांनी एका हॉस्पिटलचं नाव सांगितलं. मला वाटलं, कोणाला भेटायचं असेल.

रस्ता सरळच होता. केळीचा एक ट्रक, शाळेच्या रिक्षा, मध्ये एक म्हैस. प्रत्येक वेळी टक, प्रत्येक वेळी टक टक. माझे खांदे कानापर्यंत चढले होते. चौक आला, चौक गेला. एक डावं वळण घेतलं आणि हॉस्पिटलची पाटी दिसली. मी गाडी कडेला घेतली. अण्णांनी एकदा वाजवलं, उगाच, शाबासकीसारखं.

मागे प्लास्टिक करकरलं.

"आलो काकू," मी म्हणाले.

"एवढंच?"

मी आरशात पाहिलं. त्या पाटीकडे बघत होत्या.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. "रिक्षाने यायचो तेव्हा लांब वाटायचं."

अण्णांनी मान वळवायचा प्रयत्न केला, नळी ताणली गेली, म्हणून तसेच समोर बघत राहिले.

"सरांचं बायपास झालं होतं," काकू म्हणाल्या. "ऊन सोसायचं नाही त्यांना. वीज गेली की गाडीत बसायचे, एसी लावून, पेपर वाचत. गाडी चालवायची ताकद राहिली नाही तेव्हा मला म्हणाले, तू प्लगपर्यंत न्यायला शीक. मी म्हटलं, रस्त्यावरची पण शिकवा ना. म्हणाले, एवढं आलं तरी पुरे, बाहेर मी आहे ना."

अण्णांचा हात मशीनवर होता. तो तिथेच राहिला.

"दुपार होती. पेपर खाली पडला त्यांच्या हातातला. घाम असा, की सदरा पिळून घ्यावा. दुपारी सोसायटीत कोण असतं? वॉचमनला सायकल येते फक्त. अॅम्ब्युलन्सला फोन केला, ती निघाली म्हणाले. गाडी भरलेली होती हो, काठोकाठ. मीच सकाळी भरून आणली होती. मी बसले. स्लिपर काढायला विसरले त्या दिवशी. गेटपर्यंत आणली. पुढची चाकं रस्त्यावर उतरवली." त्या थांबल्या. "आणि रस्त्यावरून गाड्या जात होत्या. इकडून, तिकडून. मला कळेना कधी निघायचं. अर्धी गाडी आत, अर्धी बाहेर. सर माझ्याकडे बघत होते. मला वाटतं, त्यांनाही तेव्हाच कळलं."

एक स्कूटर आमच्या बाजूने हॉर्न वाजवत गेली.

"अॅम्ब्युलन्स आली तेव्हा गेटमध्ये आमचीच गाडी आडवी होती. ती मागे घेता आली मला. मागे छान येते."

एसीची गार हवा येत होती. बऱ्याच वेळाने काकूंनीच पुढे वाकून, दोन सीटांच्या मधून हात घालून, डॅशबोर्डवर दोनदा वाजवलं. अंगठीचा आवाज झाला.

मी गाडी वळवली आणि घरी आणली.


काही लपवलंय का?

"नाही," अण्णांनी न विचारताच काकू म्हणाल्या. "आता नाही."

कागदांवर सह्या झाल्यावर त्यांनी गाडीच्या नाकावर कुंकवाचं बोट लावलं, बंपरच्या त्या फुटलेल्या ओठाशेजारी. मग मागचं दार उघडून सीटवरचं प्लास्टिक ओढायला लागल्या. सहा वर्षांत ते चिकटून बसलं होतं. तुकड्यातुकड्याने निघालं. सगळं निघेपर्यंत त्या थांबल्या नाहीत, आणि आम्हीही त्यांना थांबा म्हणालो नाही. खालची सीट निळी होती. ते कोणालाच माहीत नव्हतं.

तो उन्हाळा आम्ही गाडीत काढला. वीज गेली की एका हातात मशीन, एका हातात अण्णा, असं मी जिना उतरायचे. गाडीत बसून आम्ही रेडिओ ऐकला, कलिंगड खाल्लं, बियांचं काय करायचं यावरून भांडलो. कधी काकूंना घेऊन मेहरूणच्या तलावावर गेलो. त्या मागे, निळ्या सीटवर. "भाऊ, कंडक्टर मागे बसतो ना? तुम्ही पुढे कसे?" "माझी गाडी... विनावाहक आहे," अण्णा म्हणायचे. "मी फुकट प्रवासी."

जूनमध्ये ते चार-चार शब्द बोलायचे. पोळ्याला दोन-दोन. दसऱ्यानंतर डॅशबोर्डवरचं टक आणि टक टक, हेच बोलणं. घरातसुद्धा, पलंगाच्या लाकडावर. टक म्हणजे पाणी पुरे. टक टक म्हणजे दे अजून.


किती लांब जाईल?

जुनी विजेची गाडी घेताना हा प्रश्न सगळे आधी विचारतात. आम्ही विचारलाच नव्हता.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळ होती, हवेत गारवा. आणि त्या दिवशी वीज होती. मोठं मशीन चालू होतं, पूर्ण जोरावर. त्याने शिट्टी मारली नाही, काही नाही. अण्णांचे ओठ निळे झाले होते तरी ते आपलं घुरघुरत होतं.

खालच्या मजल्यावरच्या वाण्याच्या मुलाने आणि मी मिळून त्यांना खाली आणलं. डावीकडची सीट. पट्टा. लहान मशीनची पिन. मी स्टिअरिंगवर बसले. पायांना माहीत होतं काय करायचं ते. मी त्यांच्याकडे पाहिलं. अण्णांनी डॅशबोर्डवर हात ठेवला.

टक टक.

मी निघाले. हॉस्पिटलचा तो रस्ता मी इतक्या वेळा केला होता. रेल्वेचा पूल, दूध डेअरी, भाजीबाजाराची गर्दी. ती गर्दी मी अशी पार केली, की एरवी अण्णांनी मान हलवली असती. मला कुठे भीती वाटली नाही. हे मी काकूंना नंतर सांगितलं. कधी निघायचं ते कळेना, असं एकदाही झालं नाही.

पुढे एसटीचं आगार होतं. गाड्या बाहेर पडायचं फाटक रस्त्यालाच लागून. ते आलं आणि अण्णांचं बोट उठलं.

टक.

मला वाटलं, गाडीच्या हादऱ्याने. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते. फाटकाकडे बघत होते.

टक.

मी थांबले. कडेला जागा नव्हती, फाटकाच्या अगदी तोंडाशी थांबले. हॉस्पिटल पुढच्या चौकापलीकडे होतं.

"अण्णा, पोचलोच आपण. जाऊ ना?"

हात डॅशबोर्डवर होता. पालथा, बोटं जराशी वाकलेली. आत आवारात गाड्या धूत होते. कोणीतरी कोणाला मोठ्याने हाक मारत होतं. डिझेलचा वास आला, आणि मी काच खाली केली, अजून थोडा येऊ दिला.

"अण्णा, निघू?"

एक लाल गाडी आतून येऊन आमच्यापाशी अडून थांबली. हॉर्न वाजला. परत वाजला.

"ओ ताई!" कंडक्टर दारातून ओरडला. "घ्या ना पुढे! फाटक आहे हे, अंगण नाही तुमचं!"

मी हलले नाही. माझी नजर त्या बोटांवर होती. मशीन फुस्स-फुस्स करत होतं. त्या आवाजाबरोबर आधी छाती वर-खाली व्हायची. आता नुसता आवाज होता.

कंडक्टर उतरून तावातावाने आला. माझ्या खिडकीशी वाकला. "अहो, काय झालं काय, बंद पडली का?" आणि मग त्याला पलीकडे दिसलं. तोंड उघडं ते तसंच राहिलं त्याचं. तो सरळ झाला आणि मागे वळून त्याने ड्रायव्हरला हात केला. हॉर्न थांबला.

"ताई," तो हळू म्हणाला. "धक्का मारू का?"

"नको," मी म्हणाले. "चालते."

मी अण्णांची नळी सरळ केली. ती नाकातून निसटायला आली होती. त्यांचा हात होता तिथेच राहू दिला.

फाटकात लाल गाडी उभी होती. तिच्या मागे आणखी एक. कोणीच घाई करत नव्हतं. मी वाट पाहिली. जितकी पाहायची तितकी पाहिली.

मग अण्णांच्या हाताशेजारी मीच दोनदा वाजवलं, आणि गाडी काढली.